काळा आजार : परोपजीवीची ओळख कशी पटते?

काळा आजार हा वाळूमाशीच्या दंशाने पसरणारा रोग आहे. रेंगाळणारा ताप, वाढलेली प्लीहा आणि रक्तक्षय ही त्याची प्रमुख लक्षणे होत. उपचार न झाल्यास तो बहुधा प्राणघातक ठरतो.

कलकत्त्याजवळील डमडम येथे हा ताप जडून पुढे इंग्लंडमध्ये मृत्यू पावलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत विल्यम लीशमन यांना १९०० साली काही सूक्ष्म अंडाकृती कण दिसले. हे निरीक्षण १९०३ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मद्रासला चार्ल्स डोनोव्हन यांनाही तसेच कण आढळले. रोनाल्ड रॉस यांनी दोघांची नावे जोडून या परोपजीवीला ‘लीशमानिया डोनोव्हनी’ असे नाव दिले.

माणसाच्या शरीरात हा परोपजीवी रक्षक पेशींच्या आत राहतो. तेथे तो वाटोळा असतो. त्यात एक केंद्रक व त्याशेजारी दांडीसारखा एक लहान कण दिसतो. माशीच्या आतड्यात मात्र तो लांबट होतो व त्याला शेपटीसारखा तंतू फुटतो. अडचण अशी, की या कुळातील बऱ्याच जाती सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात.

ज्यांची प्रतिकारशक्ती ढासळलेली असते, विशेषतः ज्यांना एचआयव्हीचा संसर्ग झालेला असतो, त्यांच्या बाबतीत ही अडचण अधिकच गंभीर होते. रक्तातील प्रतिपिंडे शोधणारी चाचणी येथे फसू शकते, कारण दुर्बल शरीर पुरेशी प्रतिपिंडे तयारच करीत नाही. याउलट परोपजीवींची संख्या भरमसाट वाढते. एरवी प्लीहा किंवा अस्थिमज्जा यांच्या नमुन्यात शोधावे लागणारे जंतू अशा रुग्णाच्या वाहत्या रक्तातही सापडतात. दक्षिण युरोपातील अशा रुग्णांच्या अंतर्गत अवयवांत तर एरवी केवळ त्वचेवर व्रण उठवणारे प्रकारही आढळले आहेत.

म्हणून नमुन्यातील जंतू पोषक माध्यमात वाढवून त्यांची विकरे तपासण्याची पद्धत रूढ झाली. पुढे डीएनएच्या ठरावीक भागांची तुलना होऊ लागली. त्यातून एक अनपेक्षित गोष्ट उघड झाली. भारतातील काळ्या आजाराच्या काही नमुन्यांत ‘लेप्टोमोनास सेमूरी’ या वस्तुतः कीटकांत राहणाऱ्या परोपजीवीचे अस्तित्व दिसले. संवर्धनात तो झपाट्याने वाढतो आणि मूळ रोगकारकाला मागे टाकतो. तेव्हा केवळ संवर्धनावर विसंबल्यास भलताच जीव दोषी ठरण्याचा संभव असतो. रुग्णाच्या मूळ नमुन्याचीच डीएनए तपासणी करणे यासाठी महत्त्वाचे असते.

या ओळखीवर उपचार अवलंबून असतात. भारतात सामान्य रुग्णाला लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन-बी या औषधाची एकच मात्रा दिली जाते. एचआयव्हीबाधित रुग्णांत मात्र रोग पुनःपुन्हा उलटतो. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली दक्षिण-पूर्व आशियातील अशा रुग्णांसाठी त्याच औषधाच्या अनेक मात्रा व जोडीला चौदा दिवस मिल्टेफोसिन देण्याची शिफारस केली.

काळ्या आजाराचे मुख्य क्षेत्र बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल व उत्तर प्रदेश हे आहे. परंतु माणसे कामाच्या शोधात दूर जातात. रायपूरच्या भनपुरीसारख्या औद्योगिक भागात एखादा कामगार दीर्घ तापाने आजारी पडला, तर त्याचे मूळ गाव कोणते, हा साधा प्रश्नही निदानाची पहिली पायरी ठरू शकतो.