भाताच्या मुलखातला सायकलचा चष्मा

सायकलवर घालायचा चष्मा निवडताना आधी पाहावे लागते ते त्या वाटेवर डोळ्यात काय उडते ते. उन्हाचा विचार त्यानंतरचा. तंजावर जिल्ह्यातल्या कावेरीकाठच्या गावांत तर हा क्रम कधीच उलटा करू नये. तिथे सायकल जाते त्या बहुतेक वाटांच्या दोन्ही अंगांना भात असतो आणि वर्षातले काही आठवडे तो रस्त्यावरच असतो. कुरुवै हंगामाची कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. सांबा हंगामाची कापणी पोंगलच्या आगेमागे सुरू होऊन पुढे फेब्रुवारीभर चालते. या दिवसांत तिरुवैयारू, पापनाशम, ओरत्तनाडू या भागांत अर्ध्या डांबरी रस्त्यावर भात वाळत घातलेला असतो. कुणी तो पायाने उलथत असते, कुणी वारवत असते. शेजारच्या शेतात कापणीयंत्र धुरळा उडवीत फिरते. पुढे पेंढ्याने भरलेला ट्रॅक्टर चालला असेल तर मागच्या माणसाच्या तोंडावर काड्या आणि भुसा येत राहतो.

आणि मागचा माणूस बहुधा सायकलवर असतो. तमिळनाडूत सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या अकरावीच्या मुलामुलींना सरकारकडून सायकल मिळते. २००१-०२ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींपासून सुरू झालेली ही योजना पुढे इतरांनाही लागू झाली. त्यामुळे शाळेच्या वेळी कालव्याच्या बांधावरून सायकलींची रांग लागलेली दिसते. त्या रांगेत चष्मा दिसतो तो नंबर असलेल्यांच्या डोळ्यांवर. बाकीचे डोळे उघडेच असतात.

वाऱ्यावर जे उडते ते किती बोचरे असते हे भाताचे एक तूस तळहातावर घेऊन पाहिले की कळते. होडीच्या आकाराची दोन टरफले एकमेकांत अडकलेली असतात आणि त्यांची टोके अणकुचीदार असतात. पाठीवर बारीक लव असते. देठाकडून टोकाकडे बोट फिरवले तर ते सरकते, उलट फिरवले तर अडते. तूस जाळले तर वजनाचा साधारण पाचवा हिस्सा राख उरते आणि ती राख बहुतेक सगळी सिलिका असते, म्हणजे वाळूचाच पदार्थ. ताशी १५ किलोमीटर वेगाने सायकल चालवणारा सेकंदाला चार मीटरांहून थोडे अधिक अंतर कापतो. काही डोळ्याकडे येताना दिसून पापणी मिटेपर्यंत सेकंदाचा दहावा भाग जातो आणि तेवढ्यात सायकल हातभर पुढे गेलेली असते. पापणीच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही तो यासाठी.

तुसाने किंवा भाताच्या पातीने बुबुळावर ओरखडा उठला तर नुसत्या वेदनेवर भागत नाही. शेतातल्या काडीकचऱ्यावर बुरशीचे बीज असते आणि ते ओरखड्यातून आत शिरते. तंजावरपासून फार दूर नसलेल्या मदुराईत १९९४ साली अरविंद नेत्रालयात तीन महिन्यांत बुबुळाच्या व्रणाचे ४३४ रुग्ण तपासले गेले. त्यांतल्या सुमारे ६५ टक्के रुग्णांच्या बुबुळाला आधी इजा झालेली होती आणि ती इजा बहुतेकांना शेतीकामातच झाली होती. ज्यांच्या व्रणात जंतू सापडले त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांना बुरशीची लागण होती. असा व्रण बरा व्हायला आठवडेच्या आठवडे लागतात आणि बरा झाला तरी पुष्कळदा डोळ्यात फूल पडते. हे रुग्ण सायकलस्वार म्हणून मोजलेले नव्हते. पण तूस तेच, आणि डोळाही तसाच उघडा. शंभर-दोनशे रुपयांच्या चष्म्याचे मोल या संदर्भात करायला हवे.

म्हणून भाताच्या मुलखात पहिला चष्मा घ्यावा तो पारदर्शक, न फुटणाऱ्या काचेचा. बोलण्यात आपण ‘काच’ म्हणत असलो तरी इथे खरी काच नको, कारण ती फुटली तर तिचे तुकडे डोळ्यातच जातात. हवे ते पॉलिकार्बोनेट. हे प्लास्टिक १९५३ साली तयार झाले. ते वजनाला हलके असते, दणका बसला तर तडकण्याऐवजी लवते, आणि सूर्याचे अतिनील किरण बहुतांशी स्वतःच अडवते. तो गुण त्याच्या रंगात नसून पदार्थातच आहे, त्यामुळे अगदी पारदर्शक भिंगही डोळ्याला उन्हापासून वाचवते. एकच उणीव आहे, त्यावर ओरखडे लवकर पडतात. ओरखडे टाळण्यासाठी वर कडक लेप दिलेले भिंग मिळते आणि त्यासाठी वीस-तीस रुपये जास्त मोजणे परवडते.

असा चष्मा सायकलच्या दुकानात शोधायचे कारण नाही. तंजावर, कुंभकोणम, पट्टुक्कोट्टै अशा गावांत हार्डवेअरच्या किंवा वेल्डिंगचे सामान विकणाऱ्या दुकानात ‘सेफ्टी गॉगल’ म्हणून तो टांगलेला असतो. साधा नग दीडशे रुपयांच्या आसपास मिळतो, कधी त्याहूनही कमी. काडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत खूण असते ती वाचावी. भारतीय मानक आयएस ५९८३ किंवा युरोपीय मानक ईएन १६६ असे लिहिलेले असेल तर तो कारखान्यातल्या वापरासाठी तपासलेला आहे असे समजायचे. युरोपीय खुणेतल्या ‘एफ’ अक्षराचा अर्थ असा, की सहा मिलिमीटर जाडीची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने आदळली तरी भिंग टिकले पाहिजे. सायकलस्वाराच्या दहापट हा वेग. महागड्या क्रीडा चष्म्यांच्या जाहिराती खूप काही सांगतात, पण आघात सोसण्याच्या बाबतीत कामगाराचा हा चष्मा त्यांच्या मागे नाही. चार पैसे राखून संसार करणाऱ्या घराने आधी तोच घ्यावा.

आकार ठरवताना सायकल कोणती हे लक्षात घ्यावे लागते. शर्यतीच्या सायकलवर माणूस पुढे वाकलेला असतो आणि डोळे वर करून पाहतो. चष्म्याची वरची कड त्याच्या नजरेच्या आड येते, म्हणून त्याच्यासाठी वरून बिनचौकटीची भिंगे बनवतात आणि त्यांची किंमत चढते. गावातल्या दांडीच्या काळ्या सायकलवर किंवा सरकारी शाळेच्या सायकलवर पाठ ताठ असते. पाहणारा सरळ समोर पाहतो. त्याला वरची कड आड येत नाही आणि त्यासाठी जास्त पैसे देण्याची गरज नाही. त्याला धोका असतो तो खालून आणि बाजूने, कारण धुरळा चाकांबरोबर उसळतो आणि वारा गालावरून आत शिरतो. तेव्हा भिंग खाली गालापर्यंत पोचणारे आणि बाजूंनी कानशिलाकडे वळलेले असावे. चष्मा घालून भिंग आणि गाल यांच्या फटीत करंगळी घालून पाहावी. ती सहज आतबाहेर होत असेल तर तूसही आत जाईल. मात्र फट अजिबात नसली तर घामाची वाफ साचून भिंग धूसर होते. कावेरीकाठच्या दमट हवेत हा त्रास हमखास होतो. पापणी भिंगाला टेकत नाही आणि वरून थोडी हवा खेळते, एवढे अंतर पुरे. नाकावर आणि कानामागे मऊ रबर असेल तर घामाने चष्मा घसरत नाही. नसेल तर काड्यांना मागून बांधायची दोरी घ्यावी.

रंगीत भिंगाचा विचार आता. तंजावर विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम ११ अंशांवर आहे आणि मार्चपासूनचे दुपारचे ऊन डोळ्यांना सोसत नाही. पण काळेपणा आणि संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अतिनील किरण न अडवणारा काळा चष्मा उघड्या डोळ्यापेक्षा वाईट, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरणांना आत जायला जास्त वाट मिळते. बसस्टँडवरच्या चष्म्यावर ‘यूव्ही ४००’ अशी चिकटपट्टी असते. ती कुणालाही चिकटवता येते. चष्म्याच्या बऱ्याच दुकानांत किरण मोजायचे छोटे यंत्र असते, तिथे विनंती करून तपासून घ्यावे. ते नसेल तर नोटा पारखायची जांभळी बॅटरी घ्यावी. नोटेवर तिचा उजेड पाडला की काही धागे चमकतात. मध्ये भिंग धरल्यावर ती चमक विझली तर भिंग किरण अडवते. ही परीक्षा ढोबळ आहे, पण चिकटपट्टीपेक्षा बरी.

या भागात काळ्या भिंगाचा आणखी एक धोका आहे. कालव्याकाठच्या रस्त्यावर नारळ, ताड आणि चिंचेच्या सावल्या एकामागून एक येतात. उजेडातून सावलीत शिरताना काळ्या भिंगातून खड्डा दिसत नाही. भिंगांच्या काळेपणाच्या शून्य ते चार अशा पायऱ्या असतात. तिसऱ्या पायरीचे भिंग ८ ते १८ टक्के उजेड आत सोडते, दुसऱ्या पायरीचे १८ ते ४३ टक्के. इथे दुसऱ्या पायरीचे तपकिरी किंवा राखाडी भिंग पुरते. चौथ्या पायरीचे भिंग रस्त्यावर वापरूच नये. उन्हात आपोआप काळे होणारे भिंग ऐकायला सोयीचे वाटते, पण हवा तापलेली असली की ते कमी काळे होते. म्हणजे गरज असते नेमके तेव्हाच ते कमी पडते. पाणी भरलेल्या खाचरातून येणारी झळाळी पोलराइज्ड भिंगाने छान कापली जाते. लावणीच्या दिवसांत रोज बांधावरून जाणाऱ्याने जमल्यास ते घ्यावे, पण ओला निसरडा पट्टा आपल्याला त्याच्या चकाकीमुळेच दिसतो आणि या भिंगातून ती चकाकी मंदावते, हे ध्यानात ठेवावे.

संध्याकाळी मात्र पुन्हा पारदर्शक भिंगच हवे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भातावरचे हिरवे तुडतुडे दिव्याकडे झेपावतात आणि सायकलस्वाराच्या चेहऱ्यावर आदळतात. त्या वेळी काळा चष्मा निरुपयोगी आणि उघडा डोळा असुरक्षित.

तंजावरला चष्म्याची स्वतःची परंपरा आहे. शहराच्या नैऋत्येला असलेल्या वल्लम गावाजवळ स्फटिक सापडतो आणि तो घासून भिंगे करणारे कारागीर तिथे होते. ‘वल्लम दगडा’चा चष्मा डोळ्याला थंडावा देतो अशी ख्याती होती. स्पर्शाला गार आणि ओरखडे न पडणारा म्हणून त्याचा मान रास्तही होता. पण स्फटिकातून अतिनील किरण सरळ पार जातात. आजचे दीडशे रुपयांचे प्लास्टिक या एका बाबतीत त्या मोलाच्या दगडापेक्षा सरस आहे. याच शहरात १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या सरफोजीराजे भोसल्यांनी धन्वंतरी महालात रोग्यांवर उपचार चालवले. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी आणि त्यांच्या डोळ्यांची चित्रे सरस्वती महाल ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत. एकेका डोळ्याची इतकी निगुतीने नोंद ठेवणाऱ्या शहराच्या आसपास डोळे तुसाने जायबंदी व्हावेत, हे मनाला लागते.

नंबर असलेल्यांची अडचण वेगळी. रोजचा चष्मा बाजूंनी उघडा असतो. त्यावरून घालता येणारा मोठा सेफ्टी गॉगल मिळतो. तो दिसायला बोजड, पण सर्वांत स्वस्त. दुसरा मार्ग म्हणजे मोठ्या चौकटीत पॉलिकार्बोनेटची नंबरी भिंगे बसवून घेणे. नंबरच्या चष्म्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या दराने पैसे देऊ नयेत. शाळकरी मुलांना राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात तपासणी करून चष्मा मोफत मिळतो. चाळिशी उलटलेल्यांनी मात्र सायकलवर दुहेरी भिंगाचा चष्मा टाळावा. चाकापुढचा खड्डा पाहायला नजर खाली गेली की ती वाचण्याच्या भिंगातून जाते आणि खड्डा पुसट होतो. सायकलसाठी फक्त लांबच्या नंबरचा साधा चष्मा वेगळा ठेवावा. आठवडी बाजारात तयार मिळणारा चष्मा वाचण्यापुरता असतो, तो घालून रस्त्यावर जाऊ नये.

दुकानात भिंग पारखायची रीत सोपी आहे. चष्मा हातभर लांब धरून त्यातून दाराची उभी चौकट पाहावी आणि चष्मा हळूहळू डावीउजवीकडे हलवावा. चौकटीची रेघ कुठे वाकली, लहरली, तर ते भिंग डोकेदुखी आणणार. दोन्ही भिंगे अशी पाहावीत. मग चष्मा घालून मान जोरात हलवावी, खाली वाकावे. घसरला तर दुसरा मागावा.

भिंग कोरडे पुसू नये. त्यावर बसलेली धूळ पुन्हा सिलिकाच, तीच ओरखडे पाडते. आधी पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यावी, हवा तर थोडा साबण लावावा आणि मऊ सुती कापडाने टिपून घ्यावे. समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा भिंगावर फुटून पसरू लागला की चष्मा बदलायची वेळ झाली.

एवढे करूनही कधी तूस डोळ्यात गेलेच, तर डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने धुवावा. खुपणे, लाली किंवा पाणी येणे दुसऱ्या दिवशीही राहिले तर डोळ्यांच्या डॉक्टरकडेच जावे. एरंडेल किंवा पाल्याचा रस डोळ्यात घालू नये आणि औषधाच्या दुकानातून विचारून आणलेले थेंबही नकोत. त्या थेंबांत अनेकदा स्टेरॉइड असते. लाली दोन दिवस उतरते आणि आत बुरशी फोफावते.