निवृत्तीची तयारी : पैसा, कागद आणि घर

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात निवृत्त होणाऱ्यांचे साधारण चार प्रकार आहेत. शिक्षक आणि सरकारी कर्मचारी. बँक, रेल्वे आणि कोळसा खाणीतील मंडळी. बोरगावच्या कारखान्यांतील कामगार. आणि ज्यांना निवृत्तीच नाही असे शेतकरी व दुकानदार. प्रत्येकाचे गणित वेगळे आहे. बँकेत बरीच वर्षे काढल्यामुळे आम्हाला जे ठाऊक आहे, ते सभासदांच्या उपयोगासाठी येथे मांडतो.

किती मिळणार?

पहिले काम म्हणजे आकडा काढणे. कारखान्यातील बहुतेकांची पेन्शन कर्मचारी पेन्शन योजना 1995 खाली येते. किमान दहा वर्षांची सेवा असेल तर 58 व्या वर्षी पेन्शन सुरू होते. पेन्शनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून 70 ने भागायचे. वेतनाची मर्यादा 15,000 रुपये आहे. म्हणजे 15,000 वेतन आणि 11 वर्षे सेवा असेल, तर महिन्याला सुमारे 2,357 रुपये. घरात पगार 30,000 येत असला तरी पेन्शन त्याच्या निम्मीही होत नाही. पन्नाशीनंतर लवकर पेन्शन घेता येते, पण 58 ला जितकी वर्षे कमी, तितके दरवर्षी 4 टक्के कापले जातात आणि ती कपात जन्मभर राहते. गरज नसेल तर घाई करू नये.

1 जानेवारी 2005 पासून मध्य प्रदेश सरकारच्या नोकरीत लागलेल्यांना राष्ट्रीय पेन्शन योजना लागू आहे. त्यात निवृत्तीच्या वेळी जमा रकमेच्या 60 टक्क्यांपर्यंत एकदम काढता येते आणि उरलेल्या किमान 40 टक्क्यांतून पेन्शन विकत घ्यावी लागते. ती किती येईल, हे निवृत्तीच्या दोन-तीन वर्षे आधीच विचारून ठेवावे.

हातात आलेली रक्कम

ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधीची रक्कम एकदम हातात येते, तेव्हा घरी लग्न, घराचा मजला, मुलाचे दुकान अशी कामे रांगेत उभी असतात. आमचे सांगणे एवढेच, की आधी आपल्या दोघांचा महिन्याचा खर्च बाजूला काढा, मग बाकीचे. ज्येष्ठ नागरिक बचत योजना पोस्टात आणि बँकेत दोन्हीकडे आहे. वयाची 60 वर्षे पूर्ण झालेल्यांना त्यात 30 लाखांपर्यंत ठेवता येतात. एप्रिल 2023 मध्ये तिचा दर 8.2 टक्के झाला. त्या दराने 10 लाखांवर तिमाहीला 20,500 रुपये व्याज होते. खाते उघडताना जो दर असेल तो पाच वर्षे कायम राहतो, म्हणून उघडण्यापूर्वी चालू दर विचारून घ्यावा. बँकेतील ठेवींना एका बँकेत एका व्यक्तीमागे व्याजासह 5 लाखांपर्यंतच विमा आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

नावातला फरक

हा प्रश्न आपल्याकडे खास आहे. शाळेच्या दाखल्यावर आपले नाव मराठी पद्धतीने, वडिलांच्या नावासह असते. आधार, समग्र आयडी आणि पासबुकावर मात्र कधी वडिलांचे नाव गळलेले, कधी आडनावाचे स्पेलिंग वेगळे. बायकांचे तर माहेरचे एक आणि सासरचे दुसरे. माणूस असेपर्यंत हे निभून जाते. तो गेल्यावर पत्नी कुटुंब पेन्शन मागायला जाते, तेव्हा याच फरकामुळे तिला महिनोन्‌महिने चकरा माराव्या लागतात. पेन्शनच्या कागदावर, आधारवर आणि पासबुकावर पती-पत्नी दोघांची नावे जुळतात का, ते आजच पाहा. 2023 मध्ये पांढुर्णा छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला, तेव्हा पत्त्यातील जिल्हाही तपासून घ्या. लग्नानंतर भविष्य निर्वाह निधीचे नामनिर्देशन नव्याने केले होते का, तेही बघा.

घर कोणाच्या नावावर?

मुले नागपूर-पुण्याला स्थायिक होतात आणि म्हणतात, आता इकडेच या. जाणे चांगले की वाईट, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण जाण्याच्या भरात घर किंवा संत्र्याचा बगीचा लगेच मुलाच्या नावे करू नये. मृत्युपत्र केले तर मालकी आपल्या हयातीत आपल्याकडेच राहते. ते साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही करून होते. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. दानपत्रच करायचे असेल, तर सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहून घ्यावी. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यानुसार अशी अट मोडली, तर ते दानपत्र रद्द ठरवून घेता येते. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, हेही वाटणीच्या वेळी विसरू नये.

आणखी एक. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. त्याच्या हाती पैसे येतात, ते वारसांसाठी.

एकदा सगळे मिळून

पोळ्याला आणि गोटमारीला बाहेरगावची मुले-मुली घरी येतात. त्यातली एक दुपार यासाठी ठेवा. एका वहीत खाती, ठेवी, विमा, पेन्शनचा क्रमांक, रजिस्ट्री आणि ऋणपुस्तिका कुठे ठेवली आहे, हे लिहा. पासवर्ड आणि पिन मात्र लिहू नका. ती वही पत्नीला दाखवा आणि एकदा तिला सोबत घेऊन बँकेत जा. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो आणि तो आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो, हे तिलाही माहीत असावे. 70 वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. ते कार्ड अजून काढले नसेल तर त्याच आठवड्यात काढून घ्या.

मरणाच्या गोष्टी सणासुदीला कशाला, असे काही घरांत म्हणतात. पण हे बोलणे राहून गेले, तर मागे राहणाऱ्या बाईला तेच प्रश्न दुःखाच्या दिवसांत, परक्या माणसांच्या टेबलासमोर उभे राहून सोडवावे लागतात.