ट्रॅक्टर मिस्त्रीच्या हाती देताना

बैल आजारी पडला तर त्याचे डोळे, नाकपुडी आणि शेण पाहून निम्मे निदान आपण घरीच करतो. गुरांचा डॉक्टर आला की त्याला काय सांगायचे, हेही आपल्याला ठाऊक असते. ट्रॅक्टर बिघडला की मात्र आपण अगदी परके होऊन जातो. मिस्त्री बॉनेट उघडतो, आत डोकावतो, "इंजिन खोलावं लागेल" म्हणतो आणि आपण मान डोलावतो. खर्च पाच हजार येणार की पन्नास हजार, काम दोन दिवसांत उरकणार की पंधरा दिवस लागणार, काहीच अंदाज नसतो. तिकडे रानात वापसा आलेला असतो, शेजारच्या शिवारात पेरणी सुरू झालेली असते, आणि बँकेचा हप्ता तर थांबत नाही. अशा वेळी मिस्त्रीवर विश्वास ठेवावा की संशय घ्यावा, हा प्रश्न घरोघरी पडतो.

या प्रश्नाचे उत्तर मिस्त्रीच्या चेहऱ्यावर लिहिलेले नसते. ते बरेचसे आपल्या वागण्यावर अवलंबून असते. विश्वास कसा बांधायचा आणि तो कसा टिकवायचा, याचा विचार आज आपण करू.

बलुत्याचा सुतार आणि गॅरेजचा मिस्त्री

पूर्वी औत मोडले, गाडीचा आस गेला, कुऱ्हाडीची धार बोथटली, तर सुतार-लोहारांकडे जायचे. त्यांची मजुरी दर कामामागे नसे. सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने वर्षाचे बलुते मिळे. त्या पद्धतीत जातीपातीचा अन्याय होता आणि कारागिराची अडवणूकही होती. ती परत यावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु तिच्यातली एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. औत पुन्हा पुन्हा मोडले तर सुताराचेच काम वाढे, मिळकत वाढत नसे. त्यामुळे काम टिकाऊ व्हावे, यात त्याचेही हित होते. शिवाय काम मालकाच्या डोळ्यांदेखत चाले आणि लाकडाचा बिघाड कोणालाही दिसे.

गॅरेजमध्ये या दोन्ही गोष्टी बदलल्या. मिस्त्रीला प्रत्येक कामाचे वेगळे पैसे मिळतात, आणि इंजिनाच्या पोटात काय झाले ते आपल्याला दिसत नाही. याचा अर्थ मिस्त्री लबाड असतो असा मुळीच नाही. भर उन्हात बांधावर येऊन, काळ्या तेलात हात बुडवून आपली पेरणी वाचवणारे मिस्त्री प्रत्येक तालुक्यात आहेत. पण जुन्या व्यवस्थेत विश्वास आपोआप सांभाळला जाई, तो आता आपण जाणूनबुजून सांभाळायला हवा. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: आपल्या यंत्राची माहिती, कामापूर्वीचे बोलणे आणि लेखी नोंद.

तक्रार सांगा, रोग सांगू नका

"नोजल गेलंय, बदलून टाक" असे सांगितले, तर मिस्त्री नोजल बदलून देईल. बिघाड दुसरीकडे असला तरी तो दोष त्याचा राहणार नाही. त्यापेक्षा यंत्राने काय केले ते सांगा. धूर कोणत्या रंगाचा होता? इंजिन गार असताना त्रास होतो की तापल्यावर? नांगराला जोडल्यावर दम सोडतो की रिकामा चालतानाही? आवाज केव्हापासून येतो?

धुरावरून पुष्कळ कळते. काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही. हवा कमी पडते आहे किंवा डिझेल जादा जाते आहे. निळसर धूर म्हणजे इंजिनाचे ऑईल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर डिझेल न जळता बाहेर पडत असेल किंवा पाणी आत शिरत असेल. ऑईलच्या पट्टीवर ताकासारखे पांढुरके ऑईल दिसले, तर ऑईलमध्ये पाणी मिसळले आहे. तेव्हा इंजिन चालू करू नका, तसेच मिस्त्रीला दाखवा. इंजिन चालू होऊन थोड्या वेळात बंद पडत असेल, तर डिझेलच्या नळीत हवा धरली असण्याची शक्यता मोठी असते. एखादा सैल जोड आवळून हवा काढली की असे काम कित्येकदा घरच्या घरी मार्गी लागते.

स्वस्त आधी, महाग नंतर

इंजिन खोलण्याचा सल्ला मिळाला, की एक प्रश्न शांतपणे विचारा: "मिस्त्री, खोलण्यापूर्वी आणखी काय तपासून पाहता येईल?" चांगला मिस्त्री या प्रश्नाने रागावत नाही. ट्रॅक्टरची ताकद कमी झाली, तर आधी एअर क्लीनर आणि डिझेल फिल्टर पाहावेत, नोजल तपासणीच्या यंत्रावर लावून पाहावेत, क्लच घसरतो का आणि ब्रेक धरून राहतो का हे पाहावे. हायड्रॉलिक लिफ्ट अवजार उचलत नसेल, तर पंप उघडण्याआधी ऑईलची पातळी आणि फिल्टर पाहावा. या तपासण्यांना खर्च थोडा येतो. त्या झाल्यावरही दोष राहिला, तर इंजिन खोलायला हरकत नाही.

इंजिन खोलल्यावरही एक गोष्ट मागण्याचा आपल्याला हक्क आहे. ती म्हणजे मोजमाप. लायनर आणि क्रँक किती झिजले, हे डोळ्यांनी ठरत नाही. त्यासाठी मायक्रोमीटर आणि बोअर गेज असते, आणि किती झीज चालते याचे आकडे कंपनीने ठरवून दिलेले असतात. मिस्त्रीकडे साधन नसेल तर लेथवाल्याकडे मोजून घेता येते. "माप किती आले आणि किती चालले असते?" एवढे विचारले आणि दोन्ही आकडे वहीत लिहून घेतले, की अंदाजाने भाग बदलण्याला आळा बसतो.

काम सोपवण्यापूर्वी

ट्रॅक्टर गॅरेजमध्ये सोडण्यापूर्वी पंधरा मिनिटे काढून पुढील गोष्टी कराव्यात.

१. तास-मीटरचा आकडा, टाकीतील डिझेल, बॅटरीचा आणि टायरचे क्रमांक लिहावेत. मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो काढावेत. स्टार्टर, डायनॅमो, डिझेल पंप यांचेही फोटो घ्यावेत. हत्यारांची पेटी, जॅक, पिना घरी काढून ठेवाव्यात.

२. कोणकोणती कामे करायची, त्यांची यादी दोन प्रतींत करून एकीवर मिस्त्रीची सही घ्यावी. मजुरी वेगळी आणि सुट्या भागांचा खर्च वेगळा लिहावा. लेथचे काम बाहेर जाणार असेल तर तेही लिहावे.

३. "यादीबाहेरचे काम निघाले तर आधी फोन करा, मग हात घाला," असे स्पष्ट सांगावे. पुढे होणाऱ्या भांडणांपैकी पुष्कळशी या एका वाक्याने टळतात.

४. काढलेले जुने भाग परत हवेत, हे सुरुवातीलाच सांगावे. काम संपल्यावर मागितले, तर ते भंगारात गेलेले असू शकतात. एखादा भाग जुना देऊन नवा घेण्याच्या बोलीवर असेल, तर तसे यादीत लिहावे.

५. ट्रॅक्टर अजून वॉरंटीत असेल, तर बाहेरच्या गॅरेजला देण्याआधी वॉरंटीचे पुस्तक वाचावे. अधिकृत केंद्राबाहेर काम केल्यास कोणती सवलत जाते, ते त्यात दिलेले असते.

सुटे भाग कोणी आणायचे, हाही वादाचा विषय. मिस्त्रीने आणले तर दुकानाचे पक्के बिल मागावे. आपण आणले तर स्वस्ताच्या मोहात पडू नये. बेअरिंग, फिल्टर, रिंगा यांचे नकली माल बाजारात येतात आणि खोका अगदी अस्सल दिसतो. नकली बेअरिंग आपण आणायचे, आणि दोन महिन्यांत आवाज आला की मिस्त्रीला बोल लावायचा, हा न्याय नव्हे.

कायदा काय सांगतो

गॅरेजमध्ये वाहन सोडणे हा केवळ तोंडी भरवशाचा व्यवहार आहे, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात दुसऱ्याच्या ताब्यात सोपवलेल्या वस्तूबद्दल स्पष्ट कलमे आहेत. कलम १५१ प्रमाणे वस्तू सांभाळणाऱ्याने, एखादा समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी घेतली पाहिजे. कलम १५४ प्रमाणे त्याने ठरल्याखेरीज ती वस्तू वापरली आणि त्यात नुकसान झाले, तर भरपाई त्याला द्यावी लागते. दुरुस्तीला दिलेला ट्रॅक्टर परस्पर कोणाच्या रानात भाड्याने नेणे यात येते.

याच कायद्याने मिस्त्रीलाही संरक्षण दिले आहे. कलम १७० प्रमाणे कष्टाचे किंवा कसबाचे काम केलेल्या माणसाला, वेगळा करार नसेल तर, त्या कामाची मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. मात्र हा हक्क त्याच कामाच्या मजुरीपुरता असतो. मागच्या साली केलेल्या दुसऱ्या कामाची बाकी म्हणून आजचा ट्रॅक्टर अडवणे त्यात बसत नाही.

चाचणीसाठी ट्रॅक्टर रस्त्यावर जाणार असेल तर चालवणाऱ्याकडे परवाना हवा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५ सांगते, की मालकाने किंवा वाहन ज्याच्या ताब्यात आहे त्याने परवाना नसलेल्या माणसाला वाहन चालवू देऊ नये. गॅरेजमधल्या शिकाऊ पोराच्या हाती किल्ली देऊ नका, हे मिस्त्रीला आधीच सांगावे. विम्याची मुदत संपलेली नाही, हेही पाहून ठेवावे.

काम निकृष्ट झाले आणि समजुतीने मिटले नाही, तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. तो २०२० च्या जुलैपासून लागू झाला. पोटापाण्यासाठी स्वतः ट्रॅक्टर चालवणाऱ्याला या कायद्याखाली दाद मागता येते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर विचारावे. तेथे भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी. पाच लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणात तेथे फी पडत नाही. परंतु आयोगापुढे उभे राहायचे तर हाती बिल हवे, सही केलेली यादी हवी, जुना भाग हवा. "त्याने सांगितलं होतं" एवढ्यावर काम भागत नाही.

मिस्त्रीची बाजू

आता थोडे आपल्याकडेही पाहू. एखाद्या जुन्या मिस्त्रीची वही उघडून पाहिली, तर तिच्यात उधारीची पाने दिसतील. "ऊस गेला की देतो", "कापूस विकला की देतो" म्हणून नेलेले ट्रॅक्टर पुन्हा त्या रस्त्याने येत नाहीत. मिस्त्रीने मात्र सुट्या भागांचे पैसे दुकानदाराला रोख मोजलेले असतात. ज्याची बाकी थकते, त्याचे काम मागे पडते, आणि बुडालेली रक्कम कोठून तरी भरून काढावी असा मोह मिस्त्रीलाही होतो. म्हणजे एकाच्या बुडवेगिरीचा भुर्दंड दुसऱ्या प्रामाणिक गिऱ्हाईकाला पडतो.

दुसरी गोष्ट खरे सांगण्याची. पाणी आटल्यावरही इंजिन चालवले गेले, पोराने खड्ड्यात घातले, ऑईल बदलायचे राहिले, हे आपण दडवतो. मग मिस्त्री दिवसभर भलतीकडे शोधत बसतो आणि मजुरी आपल्यालाच पडते. डॉक्टरपासून दुखणे लपवू नये, हे आपण म्हणतोच. मिस्त्रीच्या बाबतीतही तेच धरावे.

तिसरी गोष्ट वेळेची. मृगाच्या तोंडावर साऱ्या गावाचे ट्रॅक्टर एकदम गॅरेजपुढे उभे राहतात. त्या घाईत चांगल्या मिस्त्रीच्या हातूनही नट ढिला राहतो. खरिपाची पेरणी उरकून ट्रॅक्टर सावलीत उभा असतो, त्या श्रावणाच्या दिवसांत मोठे काम काढावे. मिस्त्रीला उसंत असते, लेथवाल्याकडे गर्दी नसते, आणि आपल्यालाही जवळ बसून पाहता येते.

घरची वही

शेवटी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी उपाय सांगतो. दुधाची वही घरात असते, तशी ट्रॅक्टरची एक वही करावी. ती घरच्या कारभारणीने किंवा शाळेत जाणाऱ्या मुला-मुलीने लिहावी. कोणत्या तारखेला, तास-मीटरच्या कोणत्या आकड्याला ऑईल बदलले, फिल्टर बदलला, एअर क्लीनर धुतला, कोणता भाग कोणी बसवला, मजुरी किती दिली, एवढेच लिहायचे. बिले त्याच वहीत चिकटवायची. ऑईल किती तासांनी बदलायचे ते कंपनीच्या पुस्तकात असते. तो आकडा पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहावा. आपल्याकडच्या धुळीत नांगरट आणि रोटाव्हेटरच्या दिवसांत एअर क्लीनर रोज पाहावा लागतो. धूळ आत गेली की लायनर आणि रिंगा झिजतात, आणि इंजिन खोलण्याची पाळी लवकर येते.

दोन वर्षांची अशी वही समोर ठेवली, की मिस्त्रीचे आणि आपले बोलणेच बदलते. तोच भाग वर्षात दोनदा गेला, तर ते वहीच दाखवते आणि कोणावर आरोप करावा लागत नाही. ज्याचे काम टिकले, त्याचे नावही त्याच वहीत दिसते. असा मिस्त्री सापडला की त्याला धरून राहावे, ठरल्या दिवशी त्याचे पैसे चुकते करावेत आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्याचे नाव सांगावे. चांगल्या कामाने गिऱ्हाईक वाढते, हे त्याला दिसले की आपले काम टिकाऊ करण्यात त्याचेही हित राहते.

बाजारच्या दिवशी मिठा-मिरचीबरोबर एक शंभर पानी वही आणा. पहिल्या पानावर ट्रॅक्टरचा इंजिन क्रमांक, चेसिस क्रमांक आणि विम्याची शेवटची तारीख लिहा, आणि दुसऱ्या पानावर आजचा तास-मीटरचा आकडा.