मनाच्या उपचारास घरांतील एक खोली

सायंकाळची लोकल बदलापुरास रिकामी होते, तेव्हां उतरणाऱ्यांपैकीं पुष्कळांच्या माना आंखडलेल्या, डोकीं दुखत असलेलीं आणि मनें त्रासलेलीं असतात. छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसापासून हें स्थानक सुमारें ६८ किलोमीटर. अशा माणसास "मुंबईस जाऊन मानसोपचार घ्या" असें सांगणें म्हणजे त्यास पुन्हां त्याच गर्दींत लोटणें होय. म्हणून उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील कुटुंबांस घरबसल्या, ऑनलाइन मिळणाऱ्या मनःशरीरोपचाराची सोय मोठी वाटल्यास नवल नाहीं. त्यांत काय घडतें व काय घडत नाहीं, हें येथें सांगण्याचा आमचा विचार आहे.

मन व शरीर हीं एकमेकांस धरून आहेत, हा विचार आपणांस परका नाहीं. संध्येंतील प्राणायाम ज्यांनीं लहानपणीं केला, त्यांना श्वास व चित्त यांचा संबंध ठाऊकच आहे. कर्जतचा घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापून योगक्रिया प्रयोगशाळेच्या कसोटीस लावल्या. पुढें मुंबईच्या डॉ. के. के. दाते यांनीं सहकाऱ्यांसह रक्तदाबाच्या ४७ रोग्यांस शवासन शिकविलें. १९६९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाप्रमाणें पुष्कळांचा रक्तदाब उतरला, अथवा औषधाची मात्रा कमी करतां आली. प्रयोग लहान होता. आणि मात्रा कमी केली ती वैद्यांनीं, रोग्यांनीं आपल्या मनानें नव्हे, हें विसरूं नये. अमेरिकेंत १९७९ सालीं जॉन कबात-झिन यांनीं ध्यान व देहजाणीव यांचा क्रम सुरू केला. आजच्या अनेक उपचारांवर त्याची छाया दिसते.

पहिल्या भेटींत चमत्काराची अपेक्षा करूं नये. तो पाऊण-एक तास बहुधा प्रश्नोत्तरांतच जातो: झोप कशी, भूक कशी, दुखणें केव्हांपासून, औषधें कोणतीं. आपला पत्ता व जवळच्या एका माणसाचा क्रमांकही विचारतात. ती चौकशी भोंचकपणाची नव्हे, अडचणीच्या वेळीं मदत पाठवितां यावी म्हणून असते. पुढील भेटींत श्वास सावकाश सोडणें, एकेक स्नायु आवळून सैल करणें, पायांपासून डोक्यापर्यंत लक्ष फिरविणें, भीतीचा विचार आला असतां शरीरांत कोठें काय होतें तें पाहणें, असा अभ्यास चालतो. उपचारकास पडद्यावर जेवढें दिसेल तेवढेंच कळतें. म्हणून मोबाइल हातांत न धरतां, कंबरेपर्यंत दिसेल असा टेकून ठेवावा. डोळे मिटल्यानें कोणाकोणाची घालमेल वाढते. तसें झाल्यास लगेच सांगावें. गुण येतो तो मुख्यतः मधल्या दिवसांतील रोजच्या अभ्यासानें.

आतां मुख्य गोष्ट. दवाखान्यांत दार लावण्याचें काम वैद्य करतो. घरबसल्या उपचारांत तें काम कुटुंबाचें. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत सूनबाई मोबाइलपुढें बसली आहे, पलीकडे सासूबाई भाजी निवडीत आहेत, मामंजी बातम्या ऐकत आहेत. अशा वेळीं ती "सर्व ठीक आहे" एवढेंच सांगणार, आणि फी भरूनही उपचार व्हावयाचा नाहीं. कारण तिला जें सांगावयाचें आहे, तें कदाचित् याच घराविषयीं असेल. त्या तासापुरतें वडील मंडळींनीं फेरी मारून यावें, मुलांस शेजारीं धाडावें, आणि परतल्यावर "काय बोललीस?" असें विचारूं नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें रोग्याचा गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे. परंतु घरच्यांनींच कान दिला, तर त्या हक्काचा उपयोग काय? घरांत एकांत मिळणेंच शक्य नसेल, तर तें उपचारकास प्रथमच सांगावें. अशा वेळीं प्रत्यक्ष भेट बरी.

उपचारक निवडतांना पात्रता विचारण्याचा संकोच नको. मनोविकारतज्ज्ञ वैद्यक परिषदेकडे, तर चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला असावा. २५ मार्च २०२० च्या सरकारी दूरवैद्यक-नियमांप्रमाणें वैद्यानें आपलें नांव व पात्रता रोग्यास सांगितली पाहिजे. "इतक्या भेटींत खात्रीनें गुण" असें म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावें. छातींत कळ, धाप, एकाएकीं अंगाची एक बाजू लुळी पडणें, यांस मनाचा खेळ समजून पडद्यापुढें बसूं नये. तडक रुग्णालय गांठावें. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असल्यास पुढल्या भेटीची वाट न पाहतां १४४१६ हा सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक फिरवावा. १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झालेली ही सेवा विनामूल्य असून रात्रंदिवस, मराठींतूनही, मिळते.

आमच्या वाचकांच्या घरीं, जागा कितीही अपुरी असली तरी, देवासाठीं एक कोपरा राखलेला असतोच. आठवड्यांतून एक तास घरांतील दुखावलेल्या माणसासाठीं एक खोली राखणें त्याहून अवघड नाहीं. उपचार करणारा दूर असेल. पण तो लागूं पडावा म्हणून जें करावयाचें, तें आपल्याच हातीं आहे.