बांधकामावरची सुरक्षितता: हेल्मेटच्या पलीकडचे गैरसमज

पावसाळा सरला की रत्नागिरी जिल्ह्यातल्या बांधकामांना वेग येतो आणि विजापूर-कलबुर्गीपासून झारखंड-ओडिशापर्यंतचे मजूर साइटवर दिसू लागतात. हेल्मेट, बूट, बेल्ट वाटले की सुरक्षिततेचे काम संपले, असा सर्वसाधारण समज असतो. कोण कुठून आले, बाई की पुरुष, याचा अपघाताशी संबंध लावला जात नाही. पण एकाच स्लॅबवर कन्नड, लमाणी, भोजपुरी आणि मराठी बोलणारी माणसे असतील, तर न समजलेली सूचनाच घात करते. अवजड माल चढवणारे जुने खलाशी ‘हबेस’ म्हणजे उचल, ‘आर्या’ म्हणजे खाली सोड, एवढ्यावर काम चालवतात. शेतातून पहिल्यांदाच आलेल्याला ते कुठून ठाऊक असणार? “समजलं का?” या प्रश्नाला तो मुकादमासमोर “हो”च म्हणतो. त्यापेक्षा बेल्टचा हूक कुठे अडकवायचा हे त्याच्याकडून करवून घ्यावे. समजले की नाही ते तिथेच कळते.

बायकांचे काम हलके असते, हा समज जास्त चिवट. केंद्राच्या 1998 च्या बांधकाम कामगार नियमांत एकट्याने उचलण्याच्या वजनाची मर्यादा प्रौढ पुरुषाला 55 किलो, तर स्त्रीला 30 किलो आहे. म्हणजे सिमेंटची 50 किलोची गोणी एकट्या बाईच्या डोक्यावर देणे नियमाबाहेरचे. भिजलेला जांभा चिराही कोरड्यापेक्षा जड भरतो. स्वच्छतागृहाला ‘सोय’ म्हणतात, तीही सुरक्षिततेचीच बाब आहे: आडोसा नसला की बायका दिवसभर पाणी टाळतात आणि कोकणातल्या दमट उन्हात घेरी येते. पाळणाघरासाठी 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने 50 हून अधिक स्त्री कामगारांची अट घातली होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत एकूण कामगार मोजले जातात. घर बांधणारी चार-सहा जणांची टोळी दोन्हींतून सुटते आणि तिथले मूल वाळूच्या ढिगावरच खेळते.

परप्रांतीय मजूर बेफिकीर असतात, हेही खरे नाही. परांचीची फळी हलते हे त्यांना दिसते. बोलले तर उद्याचा रोज जाईल, ही भीती असते.

राज्याबाहेरच्या मजुराची महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होत नाही, असेही सर्रास सांगितले जाते. 1996 च्या कायद्यात अटी दोनच होत्या: वय 18 ते 60 आणि मागील 12 महिन्यांत किमान 90 दिवस बांधकामाचे काम. रहिवासाची अट त्यात नव्हती.