सवलतीचे भाडे आणि वरच्या मजल्याची खोली

वाराणसीच्या घाटावर पहाटे उभे राहिले, की गंगेच्या पात्रात दोन तऱ्हांच्या नौका एकाच वेळी दृष्टीस पडतात. एक असते घाटाला खेटून उभी असलेली नावाड्याची लहान नाव. ती वल्ह्यांनी चालते, किंवा अलीकडे सीएनजीच्या यंत्राने. दुसरी असते दूर, खोल पाण्यात नांगर टाकून राहिलेली दोन-तीन मजली प्रवासी नौका. तिच्यात निजायच्या खोल्या असतात, भोजनगृह असते, गच्चीवर वेताच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. पहिल्या नावेचे भाडे घाटावरच, समोरासमोर ठरते. दुसरीचे भाडे मात्र घरबसल्या ठरते, आणि तेही बहुधा एखाद्या जाहिरातीच्या भरवशावर. ‘दुसऱ्या प्रवाशास निम्मे भाडे’, ‘वरच्या श्रेणीची केबिन विनामूल्य’, ‘फक्त आज रात्रीपर्यंत’ अशी तिची भाषा असते. वाचकहो, त्या भाषेतून खरा लाभ कसा वेचून काढावा, याचा विचार आज आपण करू.

हा प्रश्न केवळ धनिकांचा राहिलेला नाही. आयुष्यभर काटकसर केलेली कितीतरी मध्यमवर्गीय कुटुंबे निवृत्तीनंतर एखादा जलप्रवास करावा असे मनात धरतात. २०२१ पासून मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे जाणाऱ्या समुद्रनौकांनी ही हौस आपल्याकडे अधिकच वाढवली. काशीयात्रेसाठी बाजूला ठेवलेली पुंजी एकदाच खर्च होते. ती चुकीच्या ठिकाणी गेली, तर पुन्हा जमवण्यास आयुष्य उरलेले नसते.

सवलत कोठून येते?

सवलत म्हणजे फसवणूकच, असे समजण्याचे कारण नाही. १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून दिब्रूगडकडे निघालेल्या ‘गंगा विलास’ या नौकेचे उदाहरण घ्या. तिची लांबी ६२ मीटर, रुंदी १२ मीटर, खोल्या अवघ्या १८ आणि प्रवासी ३६. ५१ दिवसांत सुमारे ३,२०० किलोमीटरचा, बांगलादेशातून जाणारा हा मार्ग होता. अशा नौकेची एक खोली रिकामी गेली, तर उत्पन्नाचा अठरावा हिस्सा बुडतो. परंतु इंधन, खलाशी, स्वयंपाकी यांचा खर्च जवळजवळ तेवढाच राहतो. नांगर उचलला, की त्या रिकाम्या खोलीची किंमत शून्य होते. म्हणून निघण्याची तारीख जवळ आली असता, किंवा हंगामाच्या कडेला, मालक खरोखरच भाडे उतरवतो. ही सवलत खरी.

दुसऱ्या प्रकारची सवलत मात्र कागदावर जन्मते. ज्या दराने सहसा कोणी तिकीट घेत नाही, असा एक मोठा आकडा प्रथम छापला जातो, मग त्यावर तांबडी रेघ मारून खाली लहान आकडा लिहिला जातो. खोडलेल्या आकड्याकडे पाहून आपण हरखतो. आणि न खोडलेला आकडा वाजवी आहे काय, हे विचारण्याचे राहून जाते.

रात्रीमागे, माणसामागे

यावर उपाय एकच: सारा खर्च एकत्र करून त्याला प्रथम रात्रींनी आणि मग माणसांनी भागावे. ‘गंगा विलास’च्या पहिल्या सफरीचे भाडे माणशी सुमारे २० लाख रुपये असल्याचे त्या वेळी वर्तमानपत्रांत आले होते. आकडा छाती दडपणारा खरा. पण ५१ दिवसांनी भागल्यास दिवसाला सुमारे ३९ हजार होतात, आणि मग एखाद्या उंची हॉटेलाशी त्याची तुलना करता येते. ती परवडते की नाही, हा पुढचा प्रश्न.

आता एक लहान हिशेब मांडू. आकडे कल्पित आहेत, रीत मात्र खरी आहे. एक जाहिरात म्हणते: पाच रात्री, माणशी एक लाख, दुसऱ्या प्रवाशास निम्मे. म्हणजे पतिपत्नीस दीड लाख. पन्नास हजार वाचले, असे मन म्हणते. पण तळटीप वाचली, तर कर व इतर आकार १२,०००, किनाऱ्यावरच्या सहलींचे ८,००० आणि सेवकवर्गाच्या बक्षिसीचे ४,००० निराळे. एकूण १,७४,०००. दुसरी एक नौका कोणतीही सवलत न सांगता, सर्व धरून माणशी ७८,००० मागते. दोघांचे झाले १,५६,०००. पहिलीत रात्रीमागे माणशी १७,४०० पडतात, दुसरीत १५,६००. जिने पन्नास हजारांची सूट जाहीर केली, तीच अठरा हजारांनी महाग निघाली!

एकट्या प्रवाशाने तर अधिकच सावध असावे. जाहिरातीतले भाडे बहुधा ‘एका खोलीत दोघे’ असे धरलेले असते. एकट्याने खोली घेतल्यास वर जादा आकार पडतो, आणि ‘दुसऱ्यास निम्मे’ या वाक्याचा त्याला काडीचा उपयोग नसतो.

वरच्या खोलीचे मोल

गेल्या हिवाळ्यात माझ्या आत्याने आणि आतोबांनी काशीहून निघणाऱ्या एका नौकेत जागा धरण्याचे योजले होते. खालच्या मजल्यावरची खोली त्यांनी पसंत केली होती. पैसे भरण्याच्या आदल्या दिवशी कंपनीचा निरोप आला: आज नक्की केल्यास वरच्या मजल्याची, सज्जा असलेली खोली विनामूल्य. आतोबांचा आनंद फोनवरून माझ्यापर्यंत पोहोचला. “अरे, फुकट देतायत, नाही कशाला म्हणायचं?”

मागून आत्याचा आवाज आला, “अहो, जिने कोण चढणार, ते विचारलंत का?”

आत्याचे दोन्ही गुडघे गेली सहा वर्षे दुखतात. आम्ही चौकशी केली, तेव्हा कळले की नौकेवर उद्वाहक नव्हता आणि भोजनगृह खालच्या मजल्यावर होते. म्हणजे चहा, न्याहारी, दोन वेळचे जेवण आणि किनाऱ्यावर उतरणे, यांपैकी प्रत्येकासाठी जिना. शिवाय नव्या तिकिटाची एक अट होती: ते रद्द केल्यास एक रुपयाही परत मिळणार नव्हता. जुन्या तिकिटात महिनाभर आधीपर्यंत बरीचशी रक्कम परत मिळण्याची सोय होती. सत्तरीच्या माणसाला ती सोय सज्ज्यापेक्षा मोलाची. विनामूल्य मिळालेल्या वस्तूचे मोल असे दुसऱ्याच खात्यातून वसूल होत होते.

खोली बदलण्यासाठी पैसे मागितले जातात, तेव्हा हिशेब आणखी सोपा होतो. समजा, पाच रात्रींसाठी वीस हजार जादा मागितले. नदीवरच्या प्रवासात दिवस घाटांवर, मंदिरांत आणि गच्चीवर जातो. खोलीत जागेपणी दोन तास गेले तरी पुष्कळ. पाच दिवसांचे झाले दहा तास. म्हणजे सज्ज्यातल्या एका तासाची किंमत दोन हजार रुपये. ज्याला गर्दी सोसवत नाही, जो तासन्‌तास एकांतात नदी पाहत बसेल, त्याला ती किंमत थोडी वाटेल. इतरांसाठी गच्चीवरची खुर्ची तेच दृश्य दाखवते.

सज्जा घेतलाच, तर तो कोणत्या बाजूस आहे, हे विचारावे. काशीस गंगा उत्तरवाहिनी आहे आणि सारे घाट पश्चिम तीरावर आहेत. अस्सीकडून राजघाटाकडे, प्रवाहाबरोबर जाताना ते डाव्या हातास येतात. परतताना उजव्या हातास. बाजू चुकली, तर वाढीव पैसे देऊन समोरचे वाळवंट पाहणे नशिबी येते. यंत्राच्या अगदी जवळची खोली मात्र, ती स्वस्त मिळाली तरी, टाळलेली बरी.

नदी आपल्या मर्जीने वाहते

गंगेवरच्या सवलतीत आणखी एक गोष्ट दडलेली असते, ती म्हणजे ऋतू. पावसाळ्यात पाणी चढले, की वाराणसीत नौकाविहार बंद ठेवावा लागतो. पौष-माघात धुके दाटते. उन्हाळ्यात पात्र उथळ होते. ‘गंगा विलास’ला तरंगण्यास १.४ मीटर पाणी पुरते. तरीही जानेवारी २०२३ मध्ये बिहारात छपऱ्याजवळ चिरांद येथे प्रवाशांना लहान होड्यांतून तीरावर न्यावे लागले. नौका रुतल्याची बातमी पसरली, अधिकाऱ्यांनी ती नाकारली, आणि २८ फेब्रुवारी रोजी नौका दिब्रूगडला पोहोचलीही. अर्थ इतकाच, की स्वस्त तारीख घेताना ‘मार्ग बदलल्यास अथवा एखादे स्थळ वगळल्यास काय परत मिळेल?’ हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तरही लेखी घ्यावे.

कायदाही आपल्या बाजूस आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये स्थापन झालेल्या केंद्रीय प्राधिकरणाने २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रीतील तेरा फसव्या क्लृप्त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. ‘दोनच खोल्या शिल्लक’ अशी खोटी घाई करणे, न मागितलेली वस्तू गुपचूप बिलात घालणे, आणि आरंभी लहान किंमत दाखवून शेवटी ती वाढवणे, या तिन्ही गोष्टी त्या यादीत आहेत. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तक्रार करायची, तर जाहिरातीची प्रत जपून ठेवलेली असली पाहिजे, हे मात्र विसरू नये.

आत्या-आतोबांचे पुढे काय झाले, हे सांगितले पाहिजे. त्यांनी विनामूल्य बढती नाकारली आणि मूळची खालची खोली तशीच मागितली. त्या तारखेस ती मिळेना, तेव्हा त्यांनी तो बेतच सोडला आणि रेल्वेने काशी गाठून तेथे आठ दिवस मुक्काम केला. एका पहाटे एका नावाड्याने त्यांना हात धरून नावेत बसवले. अहिल्याबाई घाट, शिंदे घाट, नागपूरकरांचा भोसले घाट, असे आपल्या लोकांनी बांधलेले घाट एकामागून एक उजळत गेले. आत्याला खाली पाण्याला हात लावता आला. उंच नौकेच्या सज्ज्यातून ते साधले नसते, असे ती सांगते.

याचा अर्थ मोठ्या नौकेने जाऊ नये असा नव्हे. ज्यांची प्रकृती व पुंजी साथ देते, त्यांना गंगेवरच्या पाच रात्री अविस्मरणीय ठरतील. फक्त आपल्याला काय हवे, ते आधी कागदावर लिहावे आणि जाहिरात त्यानंतर उघडावी. लिहिलेल्यापैकी काही कमी दरात मिळत असेल, तर ती सवलत. न लिहिलेले काही मिळत असेल, तर तो खर्चच, मग त्याचे नाव काहीही असो.