राष्ट्रीय सणांची कहाणी कोण सांगणार?

श्रावणांत आपल्या घरीं वारावाराची कहाणी असते. रविवारीं आदित्यराणूबाईची, सोमवारीं खुलभर दुधाची, शुक्रवारीं जिवतीची. घरांतील वडीलधाऱ्या बायका ती सांगतात आणि मुलें हातांत अक्षता घेऊन ऐकतात. सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट आणि दोन ऑक्टोबर हे तीन राष्ट्रीय सण मात्र बहुधा कहाणीवांचूनच येतात आणि जातात. सकाळीं झेंडावंदन होतें, मुलांना खाऊ मिळतो, दुपारीं मंडळी सुटीचें जेवण जेवून पहुडतात. घरांतील मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची होऊन मतदारांच्या यादींत जाते, तेव्हां त्या निशाणाचा अर्थ तिला कोणी समजावून दिला आहे काय, याची चौकशी आपण क्वचितच करितों.

तपशील सांगणें कठीण नाहीं. तिरंगी निशाण घटना समितीनें २२ जुलै १९४७ रोजीं स्वीकारलें. त्यावरील चोवीस आऱ्यांचें चक्र सारनाथच्या अशोकस्तंभावरून घेतलेलें आहे. राजमुद्रेवरील सिंहहि तेथलेच. त्यांच्याखालील बोधवाक्य मात्र मुंडकोपनिषदांतील. बौद्ध सम्राटाचें शिल्प आणि उपनिषदाचें वचन अशीं एकाच मुद्रेवर नांदत आहेत. १९३० सालीं २६ जानेवारीस देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली होती. म्हणून २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं संमत झालेली राज्यघटना दोन महिने थांबून त्याच तिथीला अंमलांत आणिली गेली.

एवढें मुलें पाठ करितात. पण चिन्हाला अर्थ येतो कोठून, हें समजावयाचें असेल तर पुण्याहून शिरूरकडे जाणाऱ्या रस्त्यानें सुमारें तीस किलोमीटर जावें. भीमेच्या अलीकडे, पेरणें गांवच्या हद्दींत, एक उंच दगडी स्तंभ उभा आहे. नदीपलीकडे शिरूर तालुक्यांतील कोरेगांव भीमा.

१ जानेवारी १८१८ रोजीं या गांवांत दिवसभर झुंज झाली. शिरूरहून रात्रभर चालून आलेली कंपनी सरकारची सुमारें आठशें लोकांची तुकडी कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखालीं होती; समोर दुसऱ्या बाजीरावाची कित्येक पटींनीं मोठी फौज. कंपनीच्या बाजूस महार, मराठे, रजपूत, मुसलमान असे शिपाई होते. पेशव्यांकडे मराठ्यांबरोबर अरब आणि गोसावीहि होते. रात्रीं पेशव्यांचें सैन्य मागें सरलें, आणि त्याच वर्षीं जून महिन्यांत बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले. १८२१ सालीं कंपनीनें येथें विजयस्तंभाचा पाया घातला. त्यावर पडलेल्या शिपायांचीं नांवें कोरलीं. त्यांतील पुष्कळ नांवांच्या शेवटीं 'नाक' आहे. तीं महार शिपायांचीं.

स्तंभ उभारणाऱ्यांच्या मनांत त्याचा अर्थ एकच होता: कंपनीचा जय. पुढें त्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनींच महारांची सैन्यांतील भरती बंद केली, आणि ज्यांचीं नांवें दगडावर राहिलीं त्यांच्या नातवंडांना पलटणीचें दार बंद झालें. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर या स्तंभापाशीं आले, त्या दिवसापासून त्याचा अर्थ पालटला. गांवकुसाबाहेर राहावयास लाविलेल्या माणसांना आपल्या पूर्वजांचा पराक्रम तेथें वाचतां आला. तीन महिन्यांच्या आंत, २० मार्च १९२७ रोजीं, महाडच्या चवदार तळ्याचें पाणी बाबासाहेबांनीं ओंजळींत घेतलें. आज दर एक जानेवारीस लाखों लोक या स्तंभापाशीं जमतात. त्यांच्यापैकीं कंपनीच्या जयाचा उत्सव करावयास कोण येत असेल?

आपल्यासारख्या घरांतून ही कहाणी सहसा सांगितली जात नाहीं, आणि त्याचें कारणहि उघड आहे. १७ नोव्हेंबर १८१७ रोजीं शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें, ही आठवण आपणांस अजून सलते. तें दुःख खोटें नाहीं. परंतु त्याच पेशवाईंत ज्यांना रस्त्यानें मोकळेपणीं चालण्याची सोय नव्हती, त्यांचें दुःखहि खोटें नाहीं. आपण घरीं मौन धरिलें, तर मुलें हा इतिहास दुसरीकडे, अर्धवट आणि रागाच्या भरांत ऐकतात. १ जानेवारी २०१८ रोजीं, लढाईला दोनशें वर्षें झालीं त्याच दिवशीं, येथें दगडफेक आणि जाळपोळ झाली. एका तरुणाचा प्राण गेला.

म्हणून मुलांना दोन्ही गोष्टी सांगाव्या, आणि त्यांना जोडून तिसरी. पेशव्यांच्या राज्यांत आणि कंपनीच्या राज्यांत सर्वजण प्रजा होते; २६ जानेवारी १९५० रोजीं सर्वजण एकदमच नागरिक झाले. ब्राह्मणहि त्या दिवशीं नवाच नागरिक होता. १९२७ सालीं स्तंभापाशीं उभे राहिलेले बाबासाहेब १९४७ सालीं राष्ट्रध्वज ठरविणाऱ्या समितीचे सभासद होते आणि घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष. त्या घटनेच्या सतराव्या अनुच्छेदानें अस्पृश्यता नष्ट केली. शनिवारवाड्याची खंत आणि कोरेगांवचा अभिमान, दोहोंना ज्याच्याखालीं उभें राहतां येतें असें निशाण हें एकच आहे.

येत्या सव्वीस जानेवारीस जेवणापूर्वीं पाव तास काढून घरांतील वडिलांनीं ही कहाणी अवश्य सांगावी. प्रत्येक कहाणीच्या पोटीं एक वसा असतो. याहि कहाणीचा आहे. धुण्याभांड्यांस येणाऱ्या बाईंचा चहाचा कप आपल्या घरांत अजून निराळा ठेवला जात असेल, तर त्या दिवशीं तो आपल्या कपांत मिसळून टाकावा. मुलें तेवढें पाहतील, आणि निशाणाचा अर्थ त्यांना निराळा समजावून देण्याची गरज उरणार नाहीं.